बाबांच्या मारुतीतला टेप न काढता त्यात ब्लूटूथ कसं बसवायचं

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या बाजार ओळीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता रेडिओ क्वचितच येतो, मोटारपंपाचे स्टार्टर आणि चार्जिंगचे फवारणी पंप जास्त येतात. पण गेल्या तीन-चार वर्षांत एक काम पुन्हा सुरू झालंय. जुन्या मारुती, जीप, सुमो घेऊन लोक येतात आणि विचारतात, "भाऊ, याच्यात मोबाइलचं गाणं लागन का जी?" लागतं. डेक, म्हणजे गाडीतला टेप-रेडिओ, फेकायची गरज नाही. हे मी सगळ्यांत आधी आमच्याच गाडीत केलं, म्हणून तीच गाडी धरून सांगतो.

गाडी १९९९ची मारुती ८००, कार्बोरेटरची. बाबांनी ती कापूस विकून सेकंडहँड घेतली होती. त्यातला कॅसेट डेक आधीच्या मालकाचा, डाव्या हाताला गोल नॉब, उजव्या हाताला स्टेशन फिरवायचा नॉब, मधे कॅसेटचं तोंड. नागपूर केंद्र मिडियम वेव्हवर ५८५वर लावून बाबा शेतात जायचे. पुढे टेपचा बेल्ट वितळून डांबरासारखा झाला आणि टेप बंद पडला. मी म्हटलं, टचस्क्रीनवाला प्लेअर टाकून देतो. बाबा म्हणाले, "मले तो टीव्ही नोको. मी रस्त्याकडे पाहू का त्याच्याकडे पाहू? मले माहा फिरवाचा नॉब पायजे."

त्यांचं खरंच होतं. कळंबच्या रस्त्यानं रात्री येताना नॉबला हात अंदाजानं जातो, बघावं लागत नाही. शिवाय मी डेक उघडून पाहिला तेव्हा आतला ॲम्प्लिफायर ठणठणीत होता. मेलं होतं ते फक्त गाणं पुरवणारं यंत्र. मग प्रश्न एवढाच उरला की मोबाइलचं गाणं डेकच्या पोटात नेमकं कुठून शिरवायचं. ती जागा बरोबर सापडली की निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं काम अर्थिंगचं, त्याकडे पुढे येतो.

डेक गाडीतून काढायच्या आधी बॅटरीची मायनस वायर सोडा. मागच्या वायरींचा मोबाइलनं फोटो काढा, कारण जुन्या गाडीत रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. प्रमाण असं आहे की पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थ. पण तीन मेकॅनिकांच्या हातून गेलेल्या गाडीत मी लाल वायर अर्थला लावलेली पाहिली आहे. नंतर मीटर लावून प्रत्येक वायर तपासून घ्याच.

टेबलावर डेक चालवून बघताना थेट बॅटरी जोडू नका. पॉझिटिव्हच्या वायरीत सीरिजमधे गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब टाका. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि डेक वाचतो, कारण बल्ब पावणेदोन ॲम्पिअरच्या वर करंट जाऊच देत नाही. नुसता मंद लाल झाला तर काळजी नाही. माझ्या दुकानात जुन्या यूपीएसची बॅटरी आणि हा बल्ब कायम जोडलेला असतो.

रेडिओ लागतो का बघा. रेडिओ दोन्ही स्पीकरमधून स्वच्छ वाजला तर ॲम्प्लिफायर चांगला आहे आणि हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ आहे. आवाज येतो पण ठोका पोकळ वाटतो, असं असेल तर आउटपुटचे कंडेन्सर सुकले असतात. आमच्या डेकमधे ॲम्प्लिफायरचा एलए-४४४० आयसी होता. आपल्याकडच्या जुन्या डेकमधे तो किंवा टीडीए-२००३ फार दिसतो. मी १००० मायक्रोफॅरडचे दोन्ही कंडेन्सर बदलले, १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचे आणि १०५ डिग्रीचे घातले. ८५ डिग्रीचे स्वस्त मिळतात, पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमधे काय होत असेल याचा विचार करा. पाच-सात रुपयांसाठी तिथे हात आखडू नका.

आता मुख्य जागा.

कॅसेटच्या हेडमधून निघणारा सिग्नल फार बारीक असतो, एक मिलिव्होल्टच्याही आतला. तो पुढे प्रीॲम्पमधे, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीच्या छोट्या सर्किटमधे, मोठा होतो आणि तिथेच त्याचा खर्ज मुद्दाम उचलला जातो, कारण कॅसेटवरचं रेकॉर्डिंगच तसं दुरुस्त करून घ्यावं लागतं. मोबाइलचा सिग्नल त्याच्या शेकडो पट मोठा. तो हेडच्या वायरीत घातला तर फाटलेला, घुमलेला आवाज येतो. बरेच जण इथेच चुकतात आणि मग डेक खराब आहे म्हणतात. गाणं शिरवायचं ते प्रीॲम्पच्या पुढे आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी. म्हणजे प्रीॲम्प बाजूला राहतो आणि नॉब कामात राहतो.

व्हॉल्यूम कंट्रोलला प्रत्येक बाजूचे तीन पाय असतात, डावा-उजवा मिळून सहा. कुठे लाउडनेसचा चौथा पायही असतो. नॉब पूर्ण बंद करा आणि मीटर ओहमवर लावून एक टोक डेकच्या पत्र्याला धरा. नॉब बंद असताना दोन पाय शून्याजवळ दाखवतील. मग नॉब थोडा उघडा. ज्याचं रीडिंग वाढलं तो मधला पाय, ज्याचं शून्यच राहिलं तो अर्थचा. उरलेला तिसरा पाय, ज्याचं रीडिंग नॉब बंद असतानाही मोठं होतं, तो आपल्या कामाचा. त्याला मी वरचा पाय म्हणतो.

वरच्या पायापासून बोर्डावरचा ट्रॅक (तांब्याची रेघ) मागे मागे धरत जा. टेप-रेडिओच्या स्विचपाशी किंवा एखाद्या रजिस्टन्सपाशी तो फुटतो. एक फाटा रेडिओकडे, दुसरा टेपच्या प्रीॲम्पकडे. टेपच्या फाट्यावर एक छोटा कंडेन्सर सापडेल, बहुतेक १ ते १० मायक्रोफॅरडचा. त्याचा व्हॉल्यूमकडचा पाय सोल्डर काढून वर उचला. डावा आणि उजवा, दोन्ही बाजूंच्या कंडेन्सरचे. आता टेपचा प्रीॲम्प तुटला, रेडिओ तसाच राहिला, आणि जिथून पाय उचलला त्या भोकात ब्लूटूथचा सिग्नल द्यायचा.

ज्या डेकला गोल नॉब नाही, आवाज बटनानं कमी-जास्त होतो, त्यात व्हॉल्यूमचं काम आयसी करतो आणि ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिथेही प्रीॲम्पपुढचा कंडेन्सरच शोधायचा, पण नुसत्या ओहम मीटरवर तो सापडणं कठीण. पहिल्यांदा करणाऱ्यानं नॉबवाला डेकच घ्यावा.

ब्लूटूथचं मॉड्यूल घेताना एक गोष्ट बघा. ज्या बोर्डावर डावा, उजवा आणि एकच ग्राउंड (म्हणजे अर्थच) असे तीन बिंदू ऑडिओसाठी असतात तेच घ्या. काही चांगल्या बोर्डांना डाव्याचे दोन आणि उजव्याचे दोन असे चार बिंदू असतात. त्यातला मायनस ग्राउंडला जोडायचा नसतो, जोडला तर चिप जाते. स्पीकरचा ॲम्प्लिफायर सोबत असलेलं मॉड्यूलही नको, ॲम्प्लिफायर आपल्याकडे आहे. नागपूरला बर्डीच्या बाजारात गेलो की मी एकदम पाच-सहा घेऊन ठेवतो. सगळं सामान धरून चारशेच्या आत काम झालं होतं, स्पीकर सोडून.

मॉड्यूलचा आवाज थेट दिला तर नॉब जरासा फिरवला की फुल्ल होतो आणि पुढचा सगळा नॉब फाटक्या आवाजाचा. म्हणून प्रत्येक बाजूला आधी २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्याचा प्लस मॉड्यूलकडे. मग १० किलोओहमचा रजिस्टन्स सीरिजमधे, आणि त्याच्या डेककडच्या टोकापासून ग्राउंडला ४.७ किलोओहमचा. ग्राउंड व्हॉल्यूम कंट्रोलच्या अर्थच्या पायावरच घ्यायचा, पत्र्यावर दुसरीकडे कुठे नाही. वायर शिल्डेड, म्हणजे वरून जाळी असलेली, जितकी आखूड तितकी बरी. बसवून बघा, रेडिओवर नॉब जितका फिरवता तितक्याच नॉबवर गाणं सारख्या आवाजात आलं पाहिजे. कमी वाटलं तर ४.७च्या जागी १० किलो टाका.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. कार डेकमधे कॅसेट आत ढकलली की एक पत्तीचा स्विच दबतो. तो रेडिओ बंद करतो आणि मोटरला १२ व्होल्ट देतो. मोटर आता लागत नाही, म्हणून तिची लाल वायर कापली आणि तेच १२ व्होल्ट ब्लूटूथच्या सप्लायला दिले. मग बाबांच्या एका तुटलेल्या कॅसेटची रिकामी खोळ घेतली, आतली टेप काढून टाकली. खोळ आत ढकलली की ब्लूटूथ सुरू, इजेक्ट दाबलं की रेडिओ. नवीन बटन नाही, समोरच्या पट्टीला भोक नाही. बाबांना काही शिकवावं लागलं नाही, कॅसेट घालायची त्यांना तीस वर्षांची सवय आहे.

यात दोन अडचणी येऊ शकतात. हेडसमोरचा रबरी पिंच रोलर दाबलेला राहून खराब होतो, तो काढून डबीत ठेवा. आणि काही डेक रीळ फिरत नाही असं दिसताच सोलेनॉइडनं कॅसेट बाहेर फेकतात. तुमचा डेक तसा निघाला तर खोळीचा नाद सोडा आणि डॅशबोर्डखाली वेगळा छोटा स्विच लावा.

कॅसेटी फेकू मात्र नका. आमच्याकडे गावातल्या भजन मंडळाच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या सात कॅसेटी होत्या. खंजिरी वाजवणारे त्यातले दोघं आता नाहीत. घरच्या टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसून, लाइन-आउटमधून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्यात. तीच भजनं आता मोबाइलमधून त्याच गाडीत वाजतात. तुमच्याकडे तसलं काही असेल तर डेकला हात लावायच्या आधी ते काम करा. कॅसेट वाजवणारं यंत्र घरात चालू आहे तोवरच हे होतं.

सप्लायचं सांगतो. चालू गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात आणि मॉड्यूलला ५ पाहिजेत. बाजारात व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टरचा छोटा बोर्ड मिळतो, मोबाइल चार्जिंगला चांगला, पण मी पहिल्यांदा तोच लावला आणि रेडिओच्या मिडियम वेव्हवर नुसती करकर ऐकू आली. त्याचं स्विचिंगच त्या पट्ट्यात घुसतं. ब्लूटूथला ५ व्होल्ट देणारा साधा ७८०५ आयसी पुरतो. मोटरच्या वायरीनंतर अर्ध्या ॲम्पिअरचा फ्यूज, मग १-एन-४००७ डायोड, १० ओहम अर्धा वॅटचा रजिस्टन्स, त्यानंतर १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर आणि त्याच्याशी समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर. कंडेन्सरच्या जागीच ग्राउंडला १८ व्होल्टचा टीव्हीएस डायोड, बँडची बाजू प्लसकडे. जुन्या गाडीत बॅटरीची क्लॅम्प ढिली असली की अल्टरनेटर मोठा झटका मारतो, तो हा डायोड खातो. ७८०५च्या मागचा पत्रा ग्राउंडच असतो, म्हणून अभ्रक न घालता सरळ डेकच्या पत्र्यावर नट-बोल्टनं कसा. तोच त्याचा हीटसिंक.

आणि हे सगळं पिवळ्या कायम वायरीवर घेऊ नका. ५० मिलिॲम्पिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास होतात. सोयाबीनच्या सवंगणीत, म्हणजे कापणीत, गाडी पंधरा दिवस दारात उभी राहिली की १८ गेले, म्हणजे ३५च्या बॅटरीतली निम्मी. आपण घेतलेला सप्लाय कॅसेट स्विचमधून येतो, पण तो स्विच मुळात चावीच्या वायरीवर आहे का ते मीटरनं बघून घ्या.

इतकं करून गाणं लावलं आणि गाण्याच्या मागे चिर्र-टिक-टिक असा किड्यासारखा आवाज आला. मला वाटलं मॉड्यूल खराब निघालं, दुसरं लावलं, तोच आवाज. दोष मॉड्यूलमधे नव्हता. ब्लूटूथची चिप झटक्याझटक्यानं करंट ओढते. तो करंट परत जायला दोन ग्राउंड असतात, एक सप्लायचा आणि एक ऑडिओच्या वायरीचा. जो वाटा ऑडिओच्या ग्राउंडमधून जातो तो गाण्यात मिसळतो. उपाय म्हणजे त्याची एक वाट तोडायची. बी-०५०५-एस नावाचा चार पायांचा छोटा काळा ठोकळा मिळतो. आत ५ व्होल्ट, बाहेर ५ व्होल्ट, पण दोन्हीकडच्या ग्राउंडचा एकमेकांशी संबंध नाही. ७८०५ आणि मॉड्यूलच्या मधे तो घाला. मॉड्यूलचा ग्राउंड आता फक्त व्हॉल्यूमच्या पायावर जोडलेला राहील. मॉड्यूल पत्र्याला कुठे टेकता कामा नये, टेकलं की केलेलं सगळं वाया. ठोकळ्यावर लोड फार कमी असेल तर त्याचा व्होल्टेज वर चढतो, म्हणून आउटपुटला ४७० ओहमचा रजिस्टन्स आणि १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आडवा लावून आधी मीटरनं मोजा, मगच मॉड्यूल जोडा. हे केलं आणि किडा गेला, पूर्ण गेला. रात्री दीड वाजता दुकानात एकटाच बसलो होतो, आवाज बंद झाल्यावर मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

मॉड्यूल डेकच्या आत, पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. ब्लूटूथची लहर पत्र्यातून बाहेर येत नाही, मोबाइल खिशात ठेवला तरी गाणं तुटतं. समोरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीमागे जागा बघा, किंवा वायर बाहेर काढून डॅशबोर्डच्या आत. बोर्डावर नागमोडी रेघ असते तोच अँटेना, ती रेघ पत्र्यापासून लांब.

चिकटवायला ग्लू गन वापरू नका. हिवाळ्यात पक्कं बसतं आणि उन्हाळ्यात लोंबतं. काळी इन्सुलेशन टेपही मे महिन्यात चिकट पाणी सोडते. श्रिंक स्लीव्ह आणि केबल टाय, बस. वायरी जिथे फायरवॉलजवळून, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्याजवळून, जातात तिथे कोरूगेटेड पाइपात घाला. आपल्या गाड्या गोठ्याशेजारी, कापसाच्या गंजीजवळ उभ्या राहतात आणि उंदीर वायरीचं प्लॅस्टिक आवडीनं खातो.

स्पीकरचे कागद फाटले असतील तर बदला, पण ४ ओहमचेच. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो. खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, कोन बाहेर आला की सेलचा प्लस ज्या पायावर तोच स्पीकरचा प्लस. एका बाजूचा उलटा लागला तर ढोलकीचा ठेका गायब होतो आणि लोक ॲम्प्लिफायरला दोष देतात. डेकच्या स्पीकर वायरी बॉडीला लावायच्या आधी मागचं लेबल आणि आयसीचं सर्किट बघा. आयसी ब्रिजमधे जोडलेला असेल तर दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतो. एका काकाजींच्या जीपमधे मी स्पीकरची मायनस सवयीनं बॉडीला दिली आणि आयसी गेला. नवा आयसी मी माझ्या खर्चानं टाकून दिला.

गाडीत डेक परत बसवल्यावर इंजिन सुरू करा. रेस केली की चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर नॉब शून्यावर न्या. शिट्टी तशीच राहिली तर ती सप्लायमधून किंवा स्पीकरच्या वायरींमधून येते, लाल वायरीत चोक कॉइल टाका. शिट्टी नॉबबरोबर कमी झाली तर ती आत शिरवलेल्या सिग्नलसोबत येते, म्हणजे ग्राउंड कुठेतरी दोनदा जोडला गेलाय. रेसबरोबर जलद होणारी टक-टक रेडिओवर आली तर ती प्लगची. कार्बोरेटरच्या गाडीत प्लगच्या जुन्या वायरी बदलल्या की बहुतेक जाते.

आमच्या गाडीत शिट्टी होती आणि चोकनं गेली नाही. मग हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून, बॅटरीच्या मायनसपासून डेकच्या पत्र्यापर्यंत मीटर धरला. ०.४ व्होल्ट. माझ्या हिशेबानं ०.१च्या आत पाहिजे. बॅटरीची मायनस पट्टी जिथे बॉडीला कसली होती तिथे बोल्टखाली पांढरी भुकटी आणि गंज होता. पॉलिश पेपरनं घासून पत्रा चमकवला, स्टार वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली लावली. डेकपासून त्याच बोल्टपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची वेगळी काळी वायर ओढली. शिट्टी गेली, आणि हेडलाइटही उजळ झाले, ते बाबांनी आधी ओळखलं.

शेवटी चावी काढून, सगळी दारं लावून, बॅटरीच्या मायनसमधे मीटर मिलिॲम्पिअरवर सीरिजमधे लावा. मीटर लागलेला असताना दार उघडू नका आणि स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. आमच्या मारुतीत रीडिंग शून्य आलं, खोळ आत असतानाही. मग डेकचे चारही स्क्रू कसले, खोळीवर बाबांनी स्वतः पेननं "मोबाइल" लिहिलं आणि ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.